मोटारीचा घाट आणि रंगाऱ्याचा हात

मुंबईच्या ताडदेव परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ या दिवशी एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीची नोंद झाली. प्रीमियर पद्मिनी जातीची ती अखेरची नोंद ठरली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरवून दिलेले असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या जातीची एकही गाडी तेथे अधिकृतपणे भाड्याने धावेनाशी झाली. एखाद्या थोर नटाच्या निधनानंतर यावेत तसे लेख वृत्तपत्रांतून आले. टॅक्सीमेन्स युनियनने एक तरी गाडी शासनाने जतन करावी अशी मागणी केली. आणि ज्यांनी आयुष्यभर त्या गाडीत गुडघे आवळून, घामेजल्या रेक्झिनला पाठ चिकटवून प्रवास केला होता, तेच लोक हळहळले. ही हळहळ सोयीसाठी खासच नव्हती. नंतर आलेल्या गाड्या अधिक थंड, अधिक वेगवान व अधिक सुखावह आहेत. मग लोक कशासाठी हळहळले? आमच्या मते एका आकारासाठी. जुन्या चार दारी मोटारीच्या घाटात असे काय आहे की तो डोळ्यांपुढून हलत नाही, आणि त्या घाटावर चित्रकार रंग चढवतो तेव्हा काय साधते व काय बिघडते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पद्मिनी मूळची इटालियन. फियाट कंपनीने १९५३ मध्ये ११०० या मालिकेची नवी गाडी काढली, आणि तिची सुधारलेली आवृत्ती १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली. हा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा. गाडीचे नाव आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी असे बदलत गेले. घाट मात्र जवळजवळ तोच राहिला. या घाटाचे गुपित अगदी साधे आहे. तीन खण: पुढे इंजिनाचा, मध्ये माणसांचा, मागे सामानाचा. लहान मुलाला मोटार काढावयास सांगा, ते हीच काढील. पुढच्या दोन वाटोळ्या दिव्यांमुळे चेहरा तयार होतो, जाळीमुळे तोंड होते. मागच्या बाजूस मडगार्डांना किंचित टोके काढलेली आहेत. अमेरिकन गाड्यांवर त्या काळी माशाच्या परांसारखी अजस्र टोके असत. येथे त्यांची फक्त आठवण ठेवली आहे, आणि तेवढीच पुरेशी आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्यास तीन गोष्टी आवश्यक मानल्या: पूर्णता, प्रमाणबद्धता आणि तेज. सेमिनरीत हे सूत्र आम्ही घोकले ते तत्त्वज्ञानाच्या परीक्षेसाठी. पण चालत्या वस्तूंना ते लावून पाहिले तर फार उपयोगी पडते. वस्तूला जे असावयास हवे ते सर्व असणे ही पूर्णता. भागांचा एकमेकांशी व उपयोगाशी मेळ ही प्रमाणबद्धता. आणि आतील रचना बाहेरून स्वच्छ कळणे हे तेज. पद्मिनीपाशी ही तिन्ही आहेत. ती पाहताक्षणी कोण कुठे बसणार, सामान कुठे जाणार, हे समजते. आजच्या बहुतेक मोटारी एका फुगीर गोळ्यात सर्व काही दडवतात. त्यांना तेज म्हणजे चकाकी एवढेच ठाऊक असते.

लासलगावी पद्मिनी फारशा कधी नव्हत्या. ती मुंबईची सून. इकडे मान होता तो अँबॅसडरचा. कोलकात्याजवळ उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९५७ च्या सुमारास ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डवरून ही गाडी बनविण्यास आरंभ केला, आणि २०१४ च्या मे महिन्यात कारखान्याचे काम थांबले. सत्तावन्न वर्षे म्हणजे माणसाच्या नोकरीच्या काळाहूनही अधिक. १९४७ पासून चालत आलेल्या आमच्या कांदा बाजाराच्या आसपास एके काळी पेढीसमोर उभी असलेली पांढरी अँबॅसडर ही मालकाच्या पतीचीच निशाणी असे. सरकारी पाहुणा आला तर तोही तिच्यातूनच. या गाडीच्या रूपाविषयी टीकाकारांनी पुष्कळ चेष्टा केली आहे. तिला टोपी म्हटले, बटाटा म्हटले. पण एक गोष्ट कुणी ध्यानात घेत नाही. तिचे छत उंच होते. फेटा बांधलेला गृहस्थ तिच्यात फेटा न काढता बसू शके, आणि नऊवारी नेसलेली आजी पदर सावरून, अंग न चोरता आत शिरू शके. वस्तू कोणासाठी आहे हे जिच्या आकारातून कळते ती वस्तू प्रतिष्ठेची. ऐषआरामी गाडी या शब्दाचा आमच्या मनातील अर्थ एवढाच आहे की जिच्यात बसणाऱ्याला वाकावे लागत नाही.

श्रीमंती गाड्यांतही हाच निकष लागू पडतो. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक गाडी अजूनही निघते. राजाराम महाराजांच्या काळातील ही जर्मन गाडी सोने लुटण्याच्या सोहळ्यासाठी चौकात येते तेव्हा लोक तिच्याकडे यंत्र म्हणून पाहत नाहीत. तिचे लांब बॉनेट, वेगळी उठून दिसणारी मडगार्डे आणि संथ चाल यांमुळे ती पालखीच्या जातीची वाटते. पालखीलाही वेग शोभत नाही.

आपल्या लोकांच्या आठवणीतील अशी दुसरी गाडी १९६४ ची. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुंबईस आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली आणि पोप सहावे पॉल भारतात आले. त्यांच्या वापरासाठी अमेरिकेतून एक पांढरी लिंकन कॉन्टिनेंटल आणली होती. त्या काळच्या अमेरिकन गाड्या क्रोमच्या दागिन्यांनी मढलेल्या असत. १९६१ मध्ये एल्वुड एंगेल या आरेखनकाराने या लिंकनवरून ते सारे दागिने उतरवले आणि पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच सरळ रेषा ठेवली. इतकी अबोल श्रीमंती त्या देशाने क्वचितच घडवली असेल. परत जाताना पोपमहाशयांनी ती गाडी मदर तेरेसांना दिली. मदर तीत बसल्या नाहीत. त्यांनी तिची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीकडे गेला. हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र सोडतीत ती गाडी एवढी मोलाची ठरली ती पोपच्या स्पर्शामुळे, तशीच त्या एका सरळ रेषेमुळेही, असे म्हणण्यास आम्हास संकोच वाटत नाही. पुढे २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांना एक पांढरी-पिवळी लॅम्बोर्गिनी भेट मिळाली. त्यांनी तिच्या बॉनेटवर सही केली व २०१८ मध्ये तिचा लिलाव होऊन पैसा दानधर्मास गेला. ती सही हेच त्या गाडीवरील एकमेव चित्र. (शर्यतीच्या गाडीचे धर्मगुरूला काय काम, असा प्रश्न विचारू नये. देणाऱ्याचे मन मोडता येत नाही.)

आता रंगलेल्या गाड्यांकडे वळू. गाडीलाच कलाकृती करावयाची हौस भारतात नवी नाही. १९१० मध्ये कोलकात्याच्या मॅथ्यूसन नावाच्या धनाढ्य इंग्रजाने इंग्लंडातील ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. लाकडाचा प्रचंड हंस, सोन्याच्या वर्खाची कमळे, डोळ्यांच्या जागी दिवे, आणि चोचीतून वाफ सोडण्याची सोय. पुढे ती नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली व आज हॉलंडमध्ये हेग येथील संग्रहालयात आहे. तिला पाहून हसू येते व डोळे विस्फारतात, परंतु ही मोटारीची कला नव्हे. मोटार येथे हंसाच्या सोंगाखाली गुदमरली आहे. अक्वायनसच्या भाषेत बोलावयाचे तर पूर्णतेचाच भंग झाला आहे.

१९६७ मध्ये इंग्लंडातील गायक जॉन लेनन याने आपली रोल्स-रॉइस फँटम गाडी पिवळी रंगवून तिच्यावर फुलांच्या वेली व राशिचिन्हे काढविली. हे वेलबुट्टीचे काम भटक्या जिप्सींच्या घोडागाड्यांच्या धर्तीवरचे होते. प्रतिष्ठित इंग्रजांना तो मोठा उपमर्द वाटला. आम्हास वाटते, यातच त्या चित्राचे सारे बळ आहे. राणीच्या दारात उभी राहणारी गाडी आणि गावकुसाबाहेर उतरणारी गाडी यांचा त्याने सांधा जुळवला. विशेष म्हणजे, रोल्स-रॉइसचा घाट इतका भक्कम की एवढ्या वेलींखालीही तो हरवला नाही. देऊळ कितीही भडक रंगविले तरी शिखराची रेषा राहते, तसे काहीसे. आज ही गाडी कॅनडातील एका संग्रहालयात आहे.

यानंतर १९७५ पासून जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने नामांकित चित्रकारांकडून गाड्या रंगवून घेण्याचा परिपाठ सुरू केला. पहिली गाडी अलेक्झांडर काल्डरने रंगविली. अँडी वॉरहॉलने १९७९ मध्ये अर्ध्या तासाच्या आत हाताने रंग फासून गाडी पुरी केली आणि त्या वर्षी फ्रान्समधील चोवीस तासांच्या शर्यतीत ती सहावी आली. या गाड्यांविषयी बरेच कौतुक लिहिले गेले आहे. त्यांपैकी काही गाड्या आम्हास जाहिरातीच्या पलीकडे गेलेल्या दिसत नाहीत. मोठे नाव आणि महाग पत्रा एकत्र आले म्हणजे कला होतेच असे नाही. पण एका गाडीपाशी मात्र थांबावे लागते.

ती गाडी १९९१ ची, आणि ती रंगविणारी दक्षिण आफ्रिकेतील एन्डेबेले जमातीची एस्थर मालांगू. या मालिकेत आलेली ती पहिली स्त्री. आई व आजी यांच्या हाताखाली ती घराच्या भिंती रंगवावयास शिकली, आणि तिचा कुंचला म्हणजे कोंबडीचे पीस. आपल्याकडील वारली स्त्रिया लग्नघरी भिंतीवर चौक लिहितात त्या परंपरेची ही आफ्रिकन बहीण म्हणावी. तिच्या वाट्याला शर्यतीची गाडी आली नाही, साधी चार दारांची बीएमडब्ल्यू ५२५ आली. पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या जाड रेषा आणि त्यांच्या कोंदणात निळे, पिवळे, तांबडे, हिरवे तुकडे. वॉरहॉल गाडीच्या वेगाकडे पाहतो, मालांगू तिच्या भिंतींकडे. दार म्हणजे तिच्या दृष्टीने दारच. म्हणून रेषा दाराच्या चौकटीशी वाद घालीत नाही, तिच्याशी जमवून घेते. तीन खणी मोटार हे मुळात चाकावरचे घर आहे, ही गोष्ट एवढ्या नामवंतांत तिलाच उमगली. प्रमाण आधी होते, रंगाने ते उजळले. चित्रित मोटारीबद्दल आमचा जो काही सिद्धान्त असेल तो हाच.

आपल्याकडील अलीकडच्या कलावंतांनी गाडीवर चित्र काढण्यापेक्षा गाडीलाच शिल्पात घेतले. बिहारमध्ये जन्मलेल्या सुबोध गुप्ता यांची २००४ ची एक कृती आहे, तिचे नाव मराठीत ‘सारे काही आत आहे’ असे होईल. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा केवळ वरचा भाग जमिनीवर ठेवलेला, जणू गाडी फरशीत रुतली आहे. टपावर प्रवाशाची बोचकी व बॅगा. ही बोचकी पितळेच्या जातीच्या धातूत, कांशात ओतलेली. आखातातून किंवा परगावाहून घरी परतणाऱ्या माणसाने दोरखंडाने बांधून आणलेला संसार एवढा जड झाला आहे की गाडी भूमीत गेली. वसईपासून नाशिकपर्यंत ज्या घरांतील कोणी परदेशी गेला आहे त्यांना या कृतीचा अर्थ सांगावयास नको. येथे रंगाचा एक फटकाराही नवा नाही. टॅक्सीचे मूळचे पिवळे छतच चित्र होते. मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी २००७ मध्ये रिक्षाचा अजस्र प्राण्याच्या हाडांसारखा सांगाडा केला. तो चमकदार आहे, कल्पक आहे, परंतु एकदा युक्ती समजली की पुन्हा पाहावासा वाटत नाही. गुप्तांची टॅक्सी मनात राहते.

पंढरपूरला जन्मलेल्या व मुंबईत सिनेमाचे फलक रंगवीत मोठे झालेल्या मकबूल फिदा हुसेन यांची अखेरची कल्पना २०१९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर आठ वर्षांनी, कतारमधील दोहा येथे साकार झाली. तीत काचेचे घोडे आहेत आणि जुन्या मोटारी आहेत. ज्याने जन्मभर घोडा काढला त्याने शेवटी घोड्यासमोर घोड्याची जागा घेणारी वस्तू उभी केली. मोटारीला त्यांनी फलकासारखे रंगविले नाही, हेही नोंदवावे. फलकाची विद्या ज्याला येते त्याला कुठे हात आवरावा हेही येते.

फलकाची विद्या म्हटल्यावर आम्हास पुन्हा लासलगावच्या बाजार समितीकडे यावे लागते. लिलावाच्या दिवशी आवारात ट्रॅक्टरांची रांग लागते. प्रत्येक ट्रॉलीच्या पाठीवर काही ना काही लिहिलेले असते: आईवडिलांचा आशीर्वाद, मुलांची नावे, गावाचे नाव, कुलदैवत. कांदा भरून दूरच्या राज्यांत निघणाऱ्या ट्रकांच्या फाळक्यांवर कमळे, मोर, गरुड, डोळे आणि हॉर्न ओके प्लीज. (या शेवटच्या मजकुरामुळे भोंग्याला उत्तेजन मिळते म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने त्यास मनाई केली. ती किती पाळली गेली ते महामार्गावर दिसते.) हे काम करणाऱ्या जुन्या रंगाऱ्याची रीत पाहण्याजोगी असे. तो आधी रंग कालवीत नसे. फाळक्याच्या पट्ट्या कुठे जोडल्या आहेत, बोल्ट कुठे आहेत, कडी कुठे आपटते, हे पाहत असे. अक्षराचा काना बोल्टवर आला तर पहिल्या खेपेतच रंग उडणार. म्हणून शब्द त्या पट्ट्यांच्या मापाने बसवावयाचा. मालांगूने जर्मन गाडीच्या दाराशी जे केले तेच हा मनुष्य कांद्याच्या ट्रकशी करीत होता. कोणत्याही संग्रहालयात त्याचे नाव नाही. फार तर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘पेंटर’ म्हणून एक नाव असे, तेही पुढच्या रंगाखाली जाई.

आता त्याच्या जागी रेडियमवाला आला आहे. यंत्रातून कापलेली चकचकीत अक्षरे तो तासाभरात चिकटवून देतो. स्वस्त पडते, रात्री उजेडात चमकते, आणि अपघात टाळण्यास ते उपयोगी आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या अक्षरांना ट्रकचे माप ठाऊक नसते. काचेवर, दारावर, टाकीवर तीच. वाघाचे चित्रही सर्वत्र एकच, कारण वाघ एकाच चकतीतून निघतो. आमची तक्रार नवेपणाबद्दल नाही. एकेका वस्तूशी एकेका माणसाने केलेली बातचीत बंद पडते आहे, हे आम्हास बोचते.

मुंबईत या बातचितीस एक नवे रूप मिळाले होते. टॅक्सीचा बाहेरचा काळा-पिवळा रंग नियमाने बांधलेला, म्हणून चालकाची हौस आत फुलत असे. छताला फुलाफुलांचे रेक्झिन, आरशाला माळ, कुणाची रोझरी, कुणाची तस्बीर, प्लास्टिकची द्राक्षे. २०१५ मध्ये संकेत अवलानी या तरुणाने ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाचा उपक्रम सुरू केला. तरुण आरेखनकारांनी एकेका टॅक्सीच्या आसनांसाठी व छतासाठी खास चित्रांचे कापड तयार केले. चित्रे मुंबईची, तिच्या माणसांची, तिच्या आठवणींची. उपक्रमाचे कौतुक झाले ते योग्यच. आरेखन हाही धंदा आहे व त्यास शिक्षण लागते, हे सामान्य उतारूस प्रथमच कळले. तरीही कलेच्या दृष्टीने या गाड्यांत सरसनिरस आहे. ज्या ठिकाणी आसन, पाठ, दार व छत या सर्वांवर चित्रच चित्र झाले, तेथे उतारूला बसावयास जागा उरली नाही असे वाटते. ज्यांनी केवळ छतावर भर दिला त्यांची कामे अधिक टिकाऊ ठरतील. मान मागे टाकल्यावर दिसणारे चित्र ही जुनी गोष्ट आहे. आपल्या देवालयांच्या घुमटांनी ती शतकानुशतके जपली आहे.

तेव्हा एक पद्मिनी जतन करावी या मागणीस आमचा पूर्ण पाठिंबा आहे, मात्र काही अटींवर. तिला नवा झगझगीत ड्युको देऊन काचेमागे उभी करू नये. टपावरील कॅरियर वाकडे असेल तर ते वाकडेच राहू द्यावे, त्याला बांधलेल्या दोऱ्यांचे घट्टे पिवळ्या रंगावर दिसू द्यावेत. आतले छत ज्या चालकाने लावले त्याचेच ठेवावे, ते कितीही भडक असो. दार उघडे ठेवावे, म्हणजे पाहणारी मुले आत डोकावून चाकामागचा गिअरचा दांडा पाहतील आणि तो कसा चालत असे ते आपल्या आजोबांना विचारतील. आणि मीटरचा झेंडा खाली पाडलेला असावा, म्हणजे गाडी भाड्यावर आहे असे दिसेल.